बोअर खाली चाललाय, रोपं तयार आहेत आणि ग्राहक बांधलेले आहेत, तर लावायचं किती?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: घरचं दोन एकर शेत, एकच बोअर, लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस कमी, भाजी घेणारी पंचवीसेक घरं आणि एक दुकानदार कायमचे. एक एकराची टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये तयार होत आलीत, वडील म्हणतात लावून टाकू, भाऊ म्हणतो यंदा पडीक राहू दे, आणि तुम्ही विचारलंय की सगळ्यात कमी पाण्यात कुठली भाजी येते आणि वेळ पडली तर टँकर घ्यावा का.

मी बावीस वर्षं भाजीपाला करते, त्यात चार वर्षं अशी कोरडी गेली. कमी पाण्याची भाजी कुठली हे मी पुढे सांगतेच, पण त्यानं तुमची अडचण सुटणार नाही. आज रोप लावताना बोअरला पाणी असतंच हो, सगळ्यांच्याच असतं. तुमच्या टोमॅटोला सगळ्यात जास्त पाणी लागणार ते लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांनी, झाड फळांनी लगडलेलं असताना, आणि नेमका तेव्हाच बोअर सगळ्यात खाली गेलेला असणार. त्या आठवड्यात रोज किती लिटर हातात असेल, एवढ्या एका आकड्यावर बाकीचं सगळं ठरतं. जमीन किती आहे यावर नाही ठरत.

हे मी सोसून शिकले. माझ्या दुसऱ्या कोरड्या वर्षी मी लागवडीच्या दिवशीचं पाणी बघून तीस गुंठे टोमॅटो लावला, फळं सुपारीएवढी झाली आणि पाणी निम्म्यावर आलं. मग एकही ओळ सोडवेना म्हणून सगळ्या प्लॉटला अर्धं अर्धं पाणी देत राहिले. फळाच्या बुडाला काळे चट्टे पडायला लागले, मला वाटलं कॅल्शियम कमी पडलं म्हणून फवारण्या केल्या, पण मातीत कॅल्शियम होतंच, ते फळापर्यंत पोचवायला लागणारं पाणी एक दिवस मिळायचं आणि तीन दिवस नाही. निम्मा माल तसाच बांधावर ओतला. पंधरा गुंठे सोडून दिले असते तर उरलेल्या पंधरा गुंठ्यांनी आमचं वर्ष काढलं असतं हे मला आजही टोचतं, म्हणून एवढं लांबण लावून लिहितेय.

आता मोजायचं कसं ते. दोनशे लिटरचं बॅरल घ्या, पाइप त्यात सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. मोटर चालू केल्या केल्या मोजू नका, सुरुवातीला साठलेलं पाणी येतं आणि फसवतं. दोन तास चालू देऊन मग मोजा, आणि बोअर हवा ओढायला लागेपर्यंत एकूण किती तास चालला तेही लिहा. असं सलग तीन दिवस करा कारण पहिल्या दिवशी उपसलेलं रात्रीतून भरून येतं की नाही हे तिसऱ्या दिवशीच कळतं. समजा बॅरल १२ मिनिटांत भरलं, म्हणजे तासाला १००० लिटर, आणि बोअर ५ तास चालला, म्हणजे दिवसाला ५००० लिटर. त्यातून घराचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढा, त्यात तडजोड नाही, धरा ८००. राहिले ४२००. पुढच्या दोन महिन्यांत पाणी आणखी उतरणार म्हणून मी एक तृतीयांश सोडून देते, म्हणजे हिशोबाला धरायचे २८००.

पिकाची गरज काढायची तर एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा साधारण १०० चौरस मीटरचा, म्हणजे गुंठ्याला एक मिलिमीटर म्हणजे १०० लिटर. कडक कोरड्या उन्हात जमीन आणि पानं मिळून दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी उडतं. पिकाच्या पाण्याचं गणित करताना जगभर १९९८ चं एफएओचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचं पुस्तक वापरतात, त्यात भर फळात असलेल्या टोमॅटोला या आकड्याच्या १.१५ पट आणि नव्या लागवडीला साधारण ०.६ पट धरलंय. म्हणजे ७ मिलिमीटरचं ऊन असेल तर भरातल्या टोमॅटोला ८ मिलिमीटर, गुंठ्याला ८०० लिटर. ठिबकमध्येही दहाएक टक्के वाया जातं, उलट आच्छादन केलं तर १० ते ३० टक्के वाचतं, सगळं धरून मी चांगल्या आच्छादनावर गुंठ्याला रोज ७०० लिटर पकडते. २८०० भागिले ७००, चार गुंठे.

दोन एकरात चार गुंठे. आकडा बघून पोटात गोळा येतो, माहितीये मला. तुमच्या बोअरचा आकडा वेगळा येईल, कदाचित दहा येतील कदाचित दोन, पण जो येईल तो घरात सगळ्यांसमोर मोजून दाखवा. वडील म्हणतात लावू, भाऊ म्हणतो नको, दोघंही अंदाजानंच बोलतायत आणि दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. आमच्याकडे बॅरल भरताना सासरे स्वतः घड्याळ धरून उभे राहिले आणि त्यानंतर भांडण झालं नाही.

क्षेत्र थोडं वाढवता येतं. सगळं पीक एकाच वेळी भरात आणू नका. दोन गुंठे भर फळात, दोन नुकते लावलेले, एखादा काढणीला आलेला, असं मागेपुढे केलं की त्याच पाण्यात पाच-सहा गुंठे सांभाळता येतात, आणि तुमचे ग्राहक घरगुती आहेत त्यामुळे तुम्हाला तसंही एका दिवशी शंभर क्रेट नकोयत, दर आठवड्याला थोडं थोडं हवंय.

आता कुठली भाजी. इथं तुमची माती, पाण्याचा खारेपणा आणि ऊन यावर बरंच काही आहे त्यामुळे यादी म्हणून पाठ करू नका. गवार, चवळी, भेंडी, वांगी यांची मुळं खोल जातात, एखादं पाणी चुकलं तरी सावरतात. कांदा, पालेभाज्या, कोबी यांची मुळं वरच्या फूटभरातच असतात, त्यांना थोडं थोडं पण नेमानं लागतं. म्हणून पालेभाजी जास्त पाण्याची असं सगळे म्हणतात, पण मेथी किंवा मुळा तीस-चाळीस दिवसांत निघून जातो आणि टोमॅटो चार महिने बसतो, एकूण बेरीज केली तर उलटं चित्र दिसतं. शिवाय पालेभाजीत बोअर दगा द्यायला लागला तर पुढचा वाफा टाकायचा नाही एवढंच, नुकसान एका वाफ्याचं. मी कोरड्या वर्षात कमी दिवसांच्या पिकांवर जास्त भर देते ते यासाठी, मधेच थांबता येतं.

काकडीबद्दल एक सांगते. पाण्याचा ताण बसला की काकडी कडू होते, आणि कडवटपणा देठाकडच्या टोकाला आणि सालीखाली जास्त असतो. मी प्रत्येक तोड्यात वेगवेगळ्या वेलांच्या पाच-सहा काकड्यांची देठाकडची चकती कापून स्वतः चाखते आणि मगच माल भरते. थोडी कडवट असेल तर टोक कापून खायला सांगून देते, जहाल कडू निघाली तर तो वेल बाजूला, ती विकायचीच नाही, त्यानं पोट बिघडतं. दुधी मात्र थोडा जरी कडू लागला तरी खायचा नाही आणि विकायचाही नाही, तो जिवावर बेतू शकतो. मुळा ताणात तिखट आणि जाळीदार होतो, बऱ्याच जातींत मिरची जास्त झणझणते. हे ग्राहकाला आधी सांगितलं तर तो समजून घेतो, जेवताना त्याला स्वतःला कळलं तर पुढच्या आठवड्यात येत नाही.

खारेपणाचं दुर्लक्ष करू नका. पाणी खाली गेलं की बऱ्याच बोअरचं पाणी खारट होत जातं आणि वरून पाऊस नाही म्हणून क्षार धुऊन जात नाहीत, मुळाशी साठतात. मातीची ईसी, म्हणजे क्षार किती आहेत ते दाखवणारा आकडा (डेसिसिमेन्स प्रति मीटरमध्ये), तपासून घ्या. घेवडा आणि गाजर १ च्या आसपासच मागे पडायला लागतात, कांदा १.२ ला, टोमॅटो २.५ पर्यंत टिकतो, बीट ४ पर्यंत. हे आकडे मातीच्या अर्काचे आहेत, नुसत्या पाण्याचे नाहीत, रिपोर्ट वाचताना गल्लत होते. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या आणि ड्रिपरभोवती पांढरी कड धरली की लोक पाणी कमी पडलं म्हणून अजून थोडं थोडं देतात, त्यापेक्षा दोन थोड्या पाळ्यांऐवजी एक सलग मोठी पाळी द्या म्हणजे क्षार मुळांच्या खाली ढकलले जातात. खतही निम्म्यावर आणा. जास्त युरिया दिला की झाड पानं वाढवतं, आणि पान जितकं जास्त तितकं पाणी जास्त उडतं.

पाणी केव्हा द्यायचं हे घड्याळावर ठरवू नका. वीतभर खोल माती काढा, मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाला चिकटली तर थांबा, गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर फुटला तर वाफसा आहे, म्हणजे ओल बेताची आहे, उद्या बघा, गोळाच होत नसेल तर आज द्या. हलक्या मातीत गोळा तसाही नीट होत नाही, तिथं हाताला गारवा लागतो का ते बघायचं. आणि दुपारी तीनला पानं मलूल दिसली की मोटर चालू करायला धावू नका, उन्हात ती मान टाकतातच. सूर्य उगवताना पानं ताठ असतील तर झाड ठीक आहे. सकाळीच मान टाकलेली दिसली तर मात्र उशीर झालाय.

ठिबक तुमच्याकडे आहेच असं धरते. त्याची एक परीक्षा करा, ओळीच्या सुरुवातीला, मधे आणि टोकाला ड्रिपरखाली वाटी ठेवून दहा मिनिटं पाणी धरा. टोकाची वाटी सुरुवातीच्या वाटीच्या निम्मीच भरली तर तुमचं निम्मं शेत उपाशी आणि निम्मं जास्त प्यालेलं आहे. खाली गेलेल्या बोअरमधून बारीक रेती येते, फिल्टर आठवड्याला नाही, दररोज धुवा. लॅटरल, म्हणजे ओळीतल्या ठिबकच्या नळ्या, आच्छादनाच्या खाली घ्या. पाचटाचं किंवा काडाचं आच्छादन चार बोटं जाडीचं तरी हवं, दोन काड्या टाकून काही होत नाही, फक्त वाळवी लागतेय का बघत राहा. गरम वाऱ्याच्या बाजूला ताटी किंवा नेट उभी केली तर उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मोडतो, छोट्या क्षेत्राला ते परवडतं. घरामागच्या चार वेलांसाठी बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरून झाकायचं, चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात खरबुजासाठी हीच पद्धत लिहिलेली आहे, आणि ती खरंच चालते, पण ती गुंठ्यांसाठी नाही.

किडीचं एवढंच, आजूबाजूचं सगळं वाळलं की तुमचा हिरवा तुकडा हाच सगळ्यांचा आसरा होतो. लाल कोळी, फुलकिडे आणि पांढरी माशी कोरड्या हवेत झपाट्यानं वाढतात, पानाची मागची बाजू दोन दिवसाआड बघा.

प्लॉटचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह लावा आणि पाणी कमी पडलं तर कुठला तुकडा आधी सोडायचा ते आजच कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. हे अतिशय महत्त्वाचं आहे, कारण फळं धरलेली असताना ते ठरवणं माणसाला जमत नाही, मला नाही जमलं. माझा क्रम असा असतो: फळझाडं असतील तर ती शेवटपर्यंत जगवायची, ती गेली तर कित्येक वर्षांचं जातं. मग फुला-फळातलं पीक. सगळ्यात आधी नवी लागवड सोडायची, तिच्यात अजून खर्च कमी अडकलाय. पाणी तोडता येतं असेही टप्पे आहेत. टोमॅटोची शेवटची फळं रंग धरायला लागली की पाणी बरंच कमी केलं तरी चालतं, उलट गोडी वाढते. कांद्याची मान पडायला लागली की बंदच करायचं. पण कांदा पोसताना, कोबीचा गड्डा भरताना आणि घेवड्याच्या फुलात ताण दिला तर ते नंतर भरून निघत नाही.

आता विक्री, कारण तुमची खरी ताकद ती पंचवीस घरं आहेत. दुष्काळ म्हणजे भाव चढणार हे धरून चालू नका. कोरड फक्त तुमच्या भागात असेल तर पाण्याच्या भागातला माल येऊन बाजार भरलेलाच असतो, भाव चढतो तो कोरड लांबवर पसरली असेल तेव्हा. बाजारभावावर तुमचा हात नाही, त्या घरांशी असलेल्या शब्दावर आहे.

त्यांना आत्ताच सांगा, माल कमी झाल्यावर नको. सरळ बोला, या वर्षी पाणी एवढं आहे, भाजी एवढीच होईल, फळ लहान येईल, एखाद्या आठवड्याला पिशवी अर्धी असेल. मी निवडून घ्यायचं बंद करून ठरलेली पिशवी सुरू केली, त्या दिवशी जे निघेल ते सगळ्यांना सारखं. पहिल्या महिन्यात काही घरं गेली, राहिली ती मात्र टिकली. काहींनी आगाऊ पैसे देऊ केले तर घ्या, ही पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी चालते, जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतकरी आणि घरं अशी थेट जोडली गेली, अमेरिकेत १९८६ मध्ये असे पहिले गट झाले, कमी पिकलं तर दोघांनी मिळून सोसायचं हा त्यातला करार. पण पैसे घेताना किलोचा शब्द देऊ नका. हंगामाचा वाटा म्हणा. दुकानदाराचं वेगळं आहे, त्याला रोज रॅक भरायचा असतो, त्याला खात्रीनं देता येईल असा एकच माल सांगा, बाकी दुसरीकडून घे म्हणा. चार गुंठ्यांतून दोघांनाही पूर्ण पुरवायला गेलात तर दोघंही नाराज होतील, मी तरी घरांना आधी धरेन.

तोडणी पहाटे करा. रात्रभर झाडानं पाणी ओढून भाजी भरलेली असते, तीच दहा वाजता तोडली तर वजन आणि तजेला दोन्ही घटलेलं, आणि पालेभाजी नुसतं शेकडा तीनाच्या आसपास पाणी गमावून मलूल दिसायला लागते. म्हणजे एवढ्या कष्टानं दिलेलं पाणी क्रेटमधूनच उडून जातं. तोडलेला माल लगेच सावलीत, वर ओलं गोणपाट, कोरड्या हवेत त्यानं छान गारवा धरतो. टोमॅटोवर मात्र पाणी मारू नका, आणि काकडी, भेंडी, वांगी फ्रिजमध्ये ठेवून गारठवू नका, डाग पडतात.

एक वही घाला, प्रत्येक पिकाला किती लिटर गेले आणि किती पैसे आले. एकरी उत्पन्न या वर्षी विसरा, हजार लिटरमागे काय मिळालं ते बघा. माझ्या वहीत घरच्या गिऱ्हाइकाला दिलेली मेथी-कोथिंबीर टोमॅटोच्या पुढे निघाली होती, मला पटेना म्हणून पुन्हा बेरीज केली होती. तुमचं वेगळं निघेल.

टँकर. १०,००० लिटरचा टँकर घेतला तर चार गुंठे भरातल्या टोमॅटोला साडेतीन दिवस पुरतो. त्या साडेतीन दिवसांत किती किलो तोडा होईल आणि त्याचे किती येतील हे टँकरच्या पैशाशेजारी लिहा, उत्तर तुम्हालाच दिसेल. माझा नियम असा की टँकरच्या भरवशावर एकही रोप लावायचं नाही. पीक शेवटच्या दोन-तीन तोड्यांवर आलंय आणि ग्राहक ठरलेला आहे, किंवा फळझाडं जगवायचीत, एवढ्यापुरताच तो. आणि ते पाणी आधी चाखून, ईसी बघून घ्या, कुठून भरलंय ते नेहमी कळत नाही.

ट्रेमधल्या रोपांचं राहिलं. एक एकराची आहेत, लावायची तुमच्या मोजमापात बसतील तेवढीच. लगेच ठरत नसेल तर पाणी थोडं तोडून, खत बंद करून, सावलीतून काढून उन्हावाऱ्यात ठेवा, आठ-दहा दिवस थांबतात. लांबलेली रोपं टाकू नका, टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात, खालची पानं काढून खोल लावली तर मुळं खाली ओलाव्यात जातात, कोरड्या वर्षी ते चांगलंच. उरलेली रोपं ज्याच्याकडे पाणी आहे त्याला आत्ताच विका किंवा देऊन टाका, वाट बघत ठेवलीत तर ती डोळ्यासमोर दिसत राहतील आणि एखाद्या संध्याकाळी वडील अजून दोन ओळी लावतील. रिकाम्या जमिनीवर मिळेल तो पालापाचोळा पसरून ठेवा, नांगरू नका, पहिला पाऊस पडेल तेव्हा तिथं चवळी टाकायला ओल हवी.

तिसऱ्या दिवशी बॅरल किती मिनिटांत भरलं, बोअर किती तास चालला आणि माती हलकी की भारी, एवढं कळवा, गुंठ्यांचा हिशोब आपण मिळून करू.